खालचे तळे लहान पडते

आफ्रिकेच्या वायव्येला, अटलांटिक महासागरात स्पेनची कॅनरी बेटे आहेत. त्यांतल्या एल हिएरोवर जेमतेम 11 हजार लोक राहतात. बाहेरून वीज आणणारी तार नाही. त्यामुळे 2014 पर्यंत जवळजवळ सगळी भिस्त जहाजाने येणाऱ्या डिझेलवर होती. त्या वर्षी तिथे पाच पवनचक्क्या सुरू झाल्या. त्यांची एकूण क्षमता 11.5 मेगावॉट, म्हणजे बेटाच्या कमाल मागणीपेक्षा जास्त.

वारा जोरात असला की उरलेल्या विजेवर पंप चालतात आणि पाणी साडेसहाशे मीटर वर, एका मृत ज्वालामुखीच्या मुखात साठते. वारा पडला की तेच पाणी नळांतून खाली येऊन जनित्रे फिरवते. आपला घाटघरचा उदंचन प्रकल्प याच तत्त्वावर चालतो.

पण पाण्यात वीज मावते किती? गच्चीवरची हजार लिटरची टाकी साडेसहाशे मीटर खाली रिकामी केली, तर हाती येते पावणेदोन युनिट, तेही घट न धरता. गीझर तासभरही चालायचा नाही! म्हणून तळी अवाढव्य लागतात. एल हिएरोचे वरचे तळे 3 लाख 80 हजार घनमीटरांचे आहे, खालचे मात्र दीड लाखाचेच. खाली मावेल तेवढेच पाणी सोडता येणार. त्यातून घट वजा जाता सव्वादोन लाख युनिटच्या आसपास मिळतात. बेटाला दिवसाला लागतात लाखाहून थोडी जास्त. साठा झाला दोन दिवसांचा.

उन्हाळ्यात व्यापारी वारे सतत वाहतात, तेव्हा एवढा साठा पुरतो. 2019 च्या जुलै-ऑगस्टमध्ये बेटाने सलग 24 दिवस डिझेल जाळले नाही. जगभर गाजले ते हेच. पण वारा आठवडाभर रुसला की डिझेलची इंजिने पुन्हा धडधडतात, आणि वर्षाच्या हिशेबात वारा-पाण्याच्या विजेचा वाटा निम्म्याच्या जरा पुढे-मागे येऊन थांबतो.

दुसरी अडचण 50 हर्ट्झची, म्हणजे विजेचा प्रवाह सेकंदाला बरोबर 50 वेळा हेलकावत ठेवण्याची. इतक्या छोट्या वीजजाळ्यात वाऱ्याच्या एका झोताने ही वारंवारता डळमळते. ती सावरायला कधी कधी पंप आणि जलजनित्रे एकाच वेळी चालवतात. एकीकडून पाणी चढवायचे, दुसरीकडून उतरवायचे. हा शुद्ध उधळेपणा वाटतो, पण त्या जड फिरत्या चाकांमुळेच जाळे स्थिर राहते.

आणखी पवनचक्क्या उभारून डिझेल फारसे घटणार नाही. वारा नसतो तेव्हा त्याही थांबलेल्याच असतात. वाढवायला हवा तो साठा: मोठे खालचे तळे किंवा बॅटऱ्या. आणि महाग पडते ते तेच.