नऊने भागा: पाद्री पेस्लींच्या सरकारचं गणित

धर्मगुरू पक्षीय राजकारणात उतरला की तडजोडीची वाट बंद, असं आपण सर्रास म्हणतो. हे ऐकलं की मला उत्तर आयर्लंडचे पाद्री इयान पेस्ली आठवतात. त्यांनी १९५१ मध्ये स्वतःचं प्रोटेस्टंट चर्च काढलं आणि १९७१ मध्ये डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पार्टी (डीयूपी) उभी केली; युनियनिस्ट म्हणजे उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्येच राहावं असं मानणारे. १९८८ मध्ये युरोपीय संसदेत पोप बोलायला उभे राहिले, तेव्हा हे भर सभागृहात त्यांना ‘ख्रिस्तविरोधी’ म्हणत ओरडले. तेच पेस्ली ८ मे २००७ रोजी आयआरएचे, म्हणजे ब्रिटनविरुद्ध लढलेल्या सशस्त्र आयरिश संघटनेचे, माजी नेते मार्टिन मॅकगिनेस यांच्या जोडीने सरकारचे प्रमुख झाले.

अनेकांनी याला चमत्कार म्हटलं. वाढतं वय, आदल्या वर्षीचा सत्तावाटणीचा सेंट अँड्र्यूज करार, ही कारणं होतीच. पण त्या मंत्रिमंडळाच्या तळाशी एक भागाकार आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय ही गोष्ट अर्धीच राहते.

या पद्धतीला डी’होन्ट म्हणतात. बेल्जियमच्या व्हिक्टर डी’होन्ट यांनी ती १८७८ मध्ये मांडली. २००७ मध्ये विधानसभेच्या १०८ जागांपैकी डीयूपीला ३६, मॅकगिनेस यांच्या शिन फेन पक्षाला २८, अल्स्टर युनियनिस्टांना १८, एसडीएलपीला १६ आणि अलायन्सला ७ मिळाल्या. वाटायची होती १० खाती. नियम असा: पक्षाच्या जागांना, त्याला आतापर्यंत मिळालेल्या खात्यांत एक मिळवून, त्या संख्येने भागायचं. ज्याचा भागाकार सर्वांत मोठा, पुढचं खातं त्याचं आणि कोणतं घ्यायचं हेही तोच ठरवणार.

पहिली पाळी ३६ वाल्या डीयूपीची. खातं मिळताच तिचा आकडा ३६ भागिले २, म्हणजे १८ वर येतो. आता २८ वाली शिन फेन पुढे. तिचं खातं झालं की ती १४ वर. मग डीयूपी आणि अल्स्टर युनियनिस्ट दोघेही १८ वर अडतात, तिथे पहिल्या पसंतीची मतं कोणाला जास्त हे पाहतात. असं करत दहा पाळ्या झाल्या की हिशेब येतो ४, ३, २, १. अलायन्सचा ७ हा आकडा शेवटपर्यंत पुढे येत नाही.

हाच हिशेब उलट्या बाजूनेही करता येतो आणि मला तो फार आवडतो. एका खात्याची किंमत ९ आमदार धरा. छत्तीसात नऊ ४ वेळा जातो, अठ्ठावीसात ३, अठरात २, सोळात १, सातात एकदाही नाही. बाकी सोडून द्या. बेरीज बरोबर १०! अमेरिकेत थॉमस जेफरसन यांनी १७९२ मध्ये राज्यांना प्रतिनिधी वाटण्यासाठी हीच रीत सुचवली होती.

यात एकमेकांची संमती कुठेच लागत नाही, हे महत्त्वाचं. आघाडीची बोलणी नाहीत, खातेवाटपाची रस्सीखेच नाही. १९९९ मध्येही याच नियमाने डीयूपीला २ खाती मिळाली होती. तिच्या मंत्र्यांनी खाती चालवली, पण शिन फेनबरोबर मंत्रिमंडळाच्या बैठकीला बसायचं नाकारलं. म्हणजे शत्रूला मान्यता न देताही सत्तेत वाटा घेता येत होता. मग २००७ मध्ये पहिली निवड आपल्या हातात असताना पेस्लींनी बाहेर का राहावं?

तिथे आमदारही पसंतीक्रमाच्या मतांनीच निवडले जातात. आपल्या राज्यसभेच्या निवडणुकीतला ‘कोटा’ तोच. २८८ आमदार, ६ जागा: २८८ ला सहाने नव्हे, सातने भागतात, म्हणून निवडून यायला ४२ मतं पुरतात. ४२ मतं घेणारे सात जण असायला २९४ मतदार लागतील! त्या दिवसांत वाहिन्यांवर उमेदवारांचे ग्रह मांडले जातात, तो वेळ या सातला दिला तर प्रेक्षकाला निकाल स्वतःच ताडता येईल.

पेस्लींच्या चर्चला मात्र ही सत्तावाटणी पचली नाही. पन्नासहून अधिक वर्षं सांभाळलेलं चर्चचं प्रमुखपद त्यांनी जानेवारी २००८ मध्ये सोडलं आणि जूनमध्ये सरकारचंही. त्यांच्या जागी पीटर रॉबिन्सन आले. पक्षाची चार खाती होती तशीच राहिली, कारण ३६ जागा तशाच होत्या.