पार्श्वभूमी : बीड रस्त्यावरचा ट्रक कोणत्या व्याख्येत बसतो?

धावपट्टीवरच्या गोंधळाचा विषय निघाला की जगभर स्पेनचं तेनेरिफ, इटलीचं मिलान ही नावं घेतली जातात. मराठवाड्यात आधी आठवतो तो कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक. २६ एप्रिल १९९३. दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत आलेलं बोइंग ७३७ भर दुपारी औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून मुंबईला निघालं. चाकांनी जमीन सोडली तेव्हा धावपट्टी जवळजवळ संपली होती आणि पुढे बीड रस्ता आडवा. विमानाचं डावं चाक आणि डावं इंजिन ट्रकला घासलं, तेही रस्त्यापासून जेमतेम सात फुटांवर. उभ्या माणसाने हात वर केला तर पोहोचेल एवढ्या उंचीवर. तिथून तीनेक किलोमीटरवर विजेच्या उच्चदाबाच्या तारा आल्या. ११८ पैकी ५५ जण गेले.

चौकशीत कारणं दोन निघाली. वैमानिकांनी विमानाचं नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचललं, हे एक. विमानांच्या वेळेत बीड रस्त्यावरची वाहतूक आवरण्याचं काम ज्यांच्याकडे होतं त्यांनी ते केलं नाही, हे दुसरं. पहिलं सगळ्यांना पाठ आहे. दुसऱ्याची आठवण क्वचितच निघते.

इथे ‘रनवे इन्कर्जन’ या शब्दाशी गाठ पडते. मराठीत त्याला धड शब्द नाही. ‘घुसखोरी’ म्हणावं तर तिच्यात हेतू असतो, आणि धावपट्टीवर शिरलेला बहुतेक वेळा बिचारा वाट चुकलेला असतो. २००४ साली जागतिक पातळीवर व्याख्या ठरली : उड्डाण आणि उतरण्यासाठी राखलेल्या संरक्षित पट्ट्यात विमान, वाहन किंवा माणूस चुकीने असणं. मग धोका झाला असो वा नसो. अमेरिकेत तोवर हिशेब निराळा होता. विमानाशी टक्कर होण्याचा धोका निर्माण झाला किंवा राखायचं अंतर मोडलं तरच ती घटना या नावाखाली मोजायची. रिकाम्या धावपट्टीवर कुणी न विचारता शिरलं तर ते दुसऱ्या खात्यात. ऑक्टोबर २००७ पासून तिथेही जागतिक व्याख्या लागू झाली आणि आकडे एकदम फुगले. बदललं होतं ते मोजमाप.

आता आपला ट्रक या व्याख्येला लावून बघा. तो कुठे घुसला नव्हता. सार्वजनिक रस्त्यावरून, उत्तरेकडून दक्षिणेकडे, आपल्या वाटेने चालला होता. म्हणजे जुन्या व्याख्येत नाही आणि नव्या व्याख्येतही नाही. जाणकार म्हणतील, तो ‘अडथळा’ या सदरात येतो, आणि त्या सदरात हलत्या वस्तूही धरतात. धरतात खऱ्या. पण झाड छाटता येतं, पाण्याच्या टाकीवर लाल दिवा लावता येतो. ट्रकसाठी फाटक लागतं, फाटकावर माणूस लागतो आणि त्या माणसाला टॉवरचा, म्हणजे विमानतळाच्या नियंत्रण कक्षाचा, निरोप वेळेत मिळावा लागतो. हे काम विमानतळाचं की रस्त्याचं, यावर दोन्हीकडून बोटं दाखवता येतात. व्याख्येची रेघ कुंपणाशी थांबते, अडचण तिथेच आहे असं मला वाटतं.

ट्रक हा अर्धा विषय. उरलेला अर्धा, वैमानिकाला जमिनीवर वाट नीट न सांगण्याचा. छोट्या विमानतळांवर बहुधा समांतर टॅक्सीवे, म्हणजे धावपट्टीपर्यंत ये-जा करायची वेगळी वाट, नसतो. उतरलेलं विमान टोकाशी वळतं आणि त्याच धावपट्टीवरून उलटं येतं. याला बॅकट्रॅक म्हणतात. खिडकीशी बसलेल्याला वाटतं, पायलट वाट विसरला की काय. तासाला एखादं विमान असेल तर यात काही बिघडत नाही. २७ मार्च १९७७ ला तेनेरिफला टॅक्सीवे उभ्या विमानांनी भरला होता, म्हणून दोन जम्बो धुक्यात असंच बॅकट्रॅक करत होते. मागच्याला तिसऱ्या फाट्यावर बाहेर पडायला सांगितलं होतं, आणि फाट्यांवर पाट्या नव्हत्या. पुढचं टोकाशी वळून परवानगीशिवायच उड्डाणाला धावलं आणि मागच्यावर आदळलं. ५८३ मृत्यू. प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच काय तो, एरवी टॉवरने ‘टेक-ऑफ’ हा शब्द वापरायचा नाही, हा दंडक त्यातून आला.

मिलानची गोष्ट त्याहून चुटपुट लावणारी. ८ ऑक्टोबर २००१, पुन्हा धुकं. एक छोटं जेट आर-५ ऐवजी आर-६ वाटेला लागलं. वैमानिकाने जमिनीवरची खूण वाचून आपण ‘एस-४’पाशी आल्याचं कळवलंही. पण एस-४ टॉवरच्या नकाशातच नव्हतं, आणि जमिनीवरचा रडार बंद. ते जेट उड्डाणाला धावणाऱ्या प्रवासी विमानाच्या आडवं आलं. ११८ मृत्यू. चिकलठाण्याच्या विमानातही माणसं ११८ होती, हा नुसता योगायोग.

आपल्याकडे फेब्रुवारी २०२० मध्ये पुण्याहून दिल्लीला निघालेल्या विमानाला समोर जीप आणि माणूस दिसला. वेळेआधीच नाक उचललं, शेपटीकडचा भाग घासला, पण विमान दिल्लीला सुखरूप उतरलं. जून २०२४ मध्ये मुंबईत एक विमान उडत असताना त्याच धावपट्टीवर दुसरं उतरलं.

त्याच वर्षी २ जानेवारीला टोकियोच्या हानेदा विमानतळावर टॉवरने तटरक्षक दलाच्या विमानाला होल्डिंग पॉइंटपर्यंत, म्हणजे धावपट्टीच्या अलीकडच्या थांब्यापर्यंत, यायला सांगितलं आणि वर ‘नंबर वन’ म्हटलं. अर्थ एवढाच की उड्डाणाच्या रांगेत तू पहिला. वैमानिकाला ती धावपट्टीवर जाण्याची मुभा वाटली. ते विमान धावपट्टीवर सुमारे चाळीस सेकंद उभं राहिलं. वरून उतरणारं प्रवासी विमान त्यावर आदळलं. त्यातले ३७९ जण वाचले, छोट्या विमानातल्या सहापैकी पाच गेले. त्यानंतर आठवडाभरात रांगेतला नंबर न सांगण्याच्या सूचना टॉवरला गेल्या.