एचआयव्हीच्या गोळ्यांना 'सुट्टी': एका कल्पनेची पार्श्वभूमी

१९९६ साली तीन औषधं एकत्र देण्याचा उपचार आला आणि मरणाच्या दारातले एचआयव्ही रुग्ण उठून कामावर जाऊ लागले. त्या गोळ्या मात्र सोसवत नसत. काही उपाशीपोटी, काही जेवणाबरोबर. जुलाब, तळपायांची आग, बसलेले गाल. दोन-तीन वर्षांत विषाणू संपेल ही आशा १९९७मध्ये मावळली, कारण तो निद्रिस्त पेशींत दडून राहतो हे दिसलं. म्हणजे औषध जन्मभर. तेव्हा गोळ्यांपासून मधूनमधून सुट्टी मागणाऱ्यांना बेशिस्त म्हणणं अन्यायाचं आहे. डॉक्टरही तोच मार्ग शोधत होते. बर्लिनमधल्या एका रुग्णाने गोळ्या सोडूनही विषाणूने डोकं वर काढलं नव्हतं. अमेरिकेत आठवडाभर गोळ्या, आठवडाभर सुट्टी असाही प्रयोग झाला.

निकाल लावला तो 'स्मार्ट' चाचणीने. २००२मध्ये सुरू झालेल्या या चाचणीत ३३ देशांतले ५,४७२ जण होते. निम्म्यांनी गोळ्या सलग घेतल्या. बाकीच्यांनी सीडी४ पेशी (विषाणू ज्यांना मारतो त्या प्रतिकारशक्तीच्या पेशी) ३५०च्या वर असताना बंद केल्या आणि २५०च्या खाली गेल्यावर पुन्हा धरल्या. जानेवारी २००६मध्ये ही सुट्टी थांबवावी लागली. संधिसाधू आजार (प्रतिकारशक्ती खचल्यावर जडणारा) किंवा मृत्यू सुट्टीच्या गटात १२० जणांच्या वाट्याला आला, सलग गटात ४७. त्याहून धक्कादायक म्हणजे हृदय, मूत्रपिंड आणि यकृताचे विकारही सुट्टीच्याच गटात जास्त निघाले. औषधांच्या त्रासापासून ज्या अवयवांना वाचवायचं, त्यांनाच मोकळा सुटलेला विषाणू इजा करत होता. हे ज्ञान त्या स्वयंसेवकांनी स्वतःच्या जिवावर मिळवून दिलं.

महाराष्ट्रात सुट्टी बहुधा ठरवून नसे. पैसे संपले की गोळ्या बंद. १ एप्रिल २००४पासून सरकारी एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, मोफत मिळू लागली, तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या राज्यांत महाराष्ट्र होता. त्या गोळ्यांतलं नेव्हिरापिन रक्तात बरेच दिवस रेंगाळतं, जोडीची औषधं आधी उतरतात. खाडा पडला की विषाणूसमोर एकटं नेव्हिरापिन उरतं आणि तो त्याला दाद देईनासा होतो. समुपदेशक तेव्हा खाड्यावरून इतकं बजावत ते यामुळेच.

२०१६ साली 'ब्रीदर' चाचणीने वेगळं चित्र दाखवलं. ८ ते २४ वयाच्या १९९ मुला-तरुणांपैकी निम्म्यांना आठवड्यात दोन दिवस सुट्टी होती, तरी विषाणू ताब्यात राहिला. ते घेत असलेलं एफाविरेन्झ हे औषधही असंच रेंगाळणारं. पण विषाणू आधीपासून दबलेल्यांनाच त्यात घेतलं होतं आणि त्यांची विषाणूमोजणी वेळोवेळी होत होती. जिथे ती वर्षातून एखादवेळी होते, तिथे अशी सुट्टी मी कुणालाही सुचवणार नाही.