हाफ-टन पिकअपने फिफ्थ-व्हील ट्रेलर ओढणे

फिफ्थ-व्हील ट्रेलर हा उत्तर अमेरिकेत प्रवासासाठी, आणि पुष्कळदा निवृत्तीनंतर कायम राहण्यासाठीही वापरला जाणारा फिरत्या घराचा एक प्रकार आहे. त्याचा पुढचा भाग उंच उचललेला असतो आणि तो पिकअप ट्रकच्या हौद्यात, मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे बसवलेल्या जोडणीवर टेकतो. हे ट्रेलर प्रामुख्याने पाऊण टन आणि एक टन वर्गातल्या ट्रकांसाठी बनतात. मात्र अमेरिका व कॅनडात घरोघरी दिसतात ते हाफ-टन ट्रक : फोर्ड एफ-१५०, शेव्हरोले सिल्व्हराडो १५००, रॅम १५००, टोयोटा टुंड्रा. त्यांचे मालक हा मोठा ग्राहकवर्ग असल्याने ‘हाफ-टनला चालेल’ अशी जाहिरात करून विकले जाणारे ट्रेलरही बरेच आहेत. अशी जोडी सुरक्षितपणे चालवता येते, पण मर्यादेत. ती मर्यादा इंजिनाच्या ताकदीने क्वचितच येते. ट्रकच्या पाठीवर किती भार टाकता येतो, तिथेच गणित अडते.

‘हाफ-टन’ हे नाव जुन्या काळातले आहे. अमेरिकी टन २,००० पौंडांचा, म्हणून हौद्यात साधारण १,००० पौंड (४५४ किलो) माल नेणारा तो अर्ध्या टनाचा ट्रक. आजच्या ट्रकांची वहनक्षमता याहून अधिक असते. बहुतेकांची ती १,४०० ते २,००० पौंडांच्या दरम्यान असते, आणि खास भारवाहू पॅकेज घेतलेल्या काही एफ-१५० ट्रकांची ३,००० पौंडांच्याही पुढे गेलेली आहे. नाव मात्र तेच राहिले.

ही जोडणी मालवाहतुकीतून आली. तिच्या नावातले ‘पाचवे चाक’ म्हणजे घोडागाडीच्या पुढच्या ॲक्सलवर आडवे बसवलेले, गाडीला वळू देणारे लोखंडी कडे. ऑगस्ट फ्रुहॉफ या डेट्रॉइटच्या कारागिराने १९१४ मध्ये एका लाकूड व्यापाऱ्याची होडी वाहण्यासाठी फोर्ड मॉडेल टीला जोडायचा ट्रेलर बनवला आणि पुढे त्यातून मोठा सेमी-ट्रेलर उद्योग उभा राहिला. विमानांच्या क्षेत्रात नाव कमावलेल्या ग्लेन कर्टिस यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस याच तत्त्वावर ‘एरोकार’ हे फिरते घर काढले. न्हावा शेवा बंदराकडे जाणारे कंटेनर ट्रेलर ज्या तबकडीवर आणि किंगपिनवर (ट्रेलरच्या नाकाखालच्या जाड खुंटीवर) फिरतात, ती यंत्रणा हीच. पिकअपच्या हौद्यात तिची लहान आवृत्ती असते.

भार ॲक्सलच्या डोक्यावर येत असल्यामुळे फिफ्थ-व्हील ट्रेलर रस्त्यावर शांत चालतो. बंपरमागे गोळ्यावर जोडलेल्या ट्रेलरची जोडणी मागच्या ॲक्सलपासून काही फूट मागे असते. आडवा वारा आला किंवा शेजारून मोठा ट्रक गेला की ट्रेलर तेवढ्या लांबीच्या तरफेने ट्रकचे शेपूट ढकलतो. फिफ्थ-व्हीलमध्ये ही तरफ उरतच नाही, त्यामुळे ट्रेलर डोलण्याचा धोका खूप कमी होतो आणि पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग ढिले पडत नाही. या गुणाची किंमत मागच्या ॲक्सलला मोजावी लागते. गोळ्यावरच्या ट्रेलरचा १० ते १५ टक्के भार ट्रकवर येतो. फिफ्थ-व्हीलचा १५ ते २५ टक्के येतो (यालाच पिनचा भार म्हणतात) आणि हिशेबासाठी २० टक्के धरणे योग्य.

वजनाचा हिशेब : समजा, ट्रेलरचे कमाल अनुज्ञेय वजन ८,५०० पौंड (सुमारे ३,८५५ किलो) आहे आणि ट्रकच्या माहितीपत्रकात ओढण्याची क्षमता ११,००० पौंड दिली आहे. वरवर पाहता २,५०० पौंड शिल्लक दिसतात. आता ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचे पिवळे-पांढरे लेबल वाचावे. त्यावर ‘प्रवासी व सामान मिळून एवढ्यापेक्षा जास्त वजन नको’ असा आकडा असतो. तो त्या विशिष्ट ट्रकचा असतो, सबंध मॉडेलचा नव्हे. समजा तो १,६०० पौंड आहे. ट्रेलरच्या २० टक्क्यांनी पिनचा भार होतो १,७०० पौंड, जोडणीचे स्वतःचे वजन १५०, नवरा-बायकोचे मिळून ३४० आणि ट्रकमधली हत्यारे, सामान १००. बेरीज २,२९० पौंड. म्हणजे ओढण्याच्या खात्यात अडीच हजार पौंड शिल्लक असतानाच वाहण्याच्या खात्यात जवळपास ७०० पौंडांची तूट. विक्रेते सहसा पहिलाच आकडा सांगतात, आणि नवखे खरेदीदार फसतात ते इथेच.

म्हणून हिशेब उलट्या बाजूने सुरू करणे शहाणपणाचे. लेबलवरच्या १,६०० मधून माणसे, सामान आणि जोडणी वजा केली की १,०१० पौंड उरतात. हा पिनचा भार २० टक्के असेल, तर पूर्ण भरलेला ट्रेलर साधारण ५,००० पौंडांचाच हवा. या वजनात बसणारे फिफ्थ-व्हील फार थोडे आहेत. मिनेसोटातील बॅकस येथे बनणारा फायबरग्लासचा १९ फुटी स्कॅम्प आणि ब्रिटिश कोलंबियातील चिलिवॅकच्या कंपनीचा एस्केप ५.० ही त्यांतली प्रसिद्ध नावे. इंडियानातील एल्कहार्ट हे अमेरिकी आरव्ही (फिरत्या घरांच्या) उद्योगाचे केंद्र. तिथे बनणारे बहुतांश ‘हाफ-टन’ ट्रेलर भरल्यावर यापेक्षा बरेच जड होतात. ते ओढायचे, तर भारवाहू पॅकेजचा ट्रक शोधावा लागतो.

माहितीपत्रकातला पिनचा ‘कोरडा’ भार विश्वासार्ह मानू नये. त्यात बॅटऱ्या, भरलेले गॅस सिलिंडर, पाणी, भांडीकुंडी, कपडे यांपैकी बहुतेक काहीच धरलेले नसते. फिफ्थ-व्हीलमध्ये बॅटऱ्या, सिलिंडर आणि सामानाचा मोठा कप्पा नाकाकडच्या भागात असल्याने तिथे ठेवलेल्या प्रत्येक वस्तूचे बरेचसे वजन थेट पिनवर उतरते. पाण्याचे एक गॅलन ८.३ पौंडांचे, ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पौंड वाढले. ट्रक जितका सजवलेला, तितकी त्याची वहनक्षमता कमी. चार दारांची मोठी केबिन, काचेचे छत, फोर-व्हील ड्राइव्ह हे सगळे त्याच खात्यातून वजा होते. नंतर बसवलेल्या पायऱ्या आणि हौद्याचे झाकणही त्यातच.

ओढण्याच्या क्षमतेचा आकडा खोटा नसतो. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संघटनेच्या, २००८ मध्ये आलेल्या जे२८०७ या मानकानुसार ट्रकला १२ टक्के चढावर भार घेऊन पुन्हा पुन्हा उठावे लागते, आणि ॲरिझोनात बुलहेड सिटीजवळच्या डेव्हिस डॅमच्या लांब चढावर एसी पूर्ण चालू ठेवून ताशी ४० मैलांखाली न येता चढावे लागते. २०११ च्या टुंड्रासाठी टोयोटाने हे मानक सर्वांत आधी स्वीकारले. मात्र या चाचणीत ट्रकमध्ये प्रत्येकी १५० पौंडांची दोनच माणसे धरलेली असतात. मुले, कुत्रा, सायकली, जनरेटर असा खरा संसार त्या आकड्यात नाही.

खात्री करून घ्यायची, तर वजनकाट्याला पर्याय नाही. महामार्गांवरच्या ट्रक थांब्यांवर कॅट स्केल या कंपनीचे काटे असतात. १९७७ पासून चालू असलेल्या या काट्यांवर पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलरचे ॲक्सल यांची वजने वेगवेगळी मिळतात. एकदा ट्रेलरसह आणि एकदा ट्रेलर सोडून, माणसे व इंधन तेवढेच ठेवून वजन केले, की ट्रकवर वाढलेला भार म्हणजेच पिनचा भार. मागच्या ॲक्सलचा आकडा दारावरच्या मर्यादेशी ताडून पाहावा. ट्रकचे बूड दबलेले दिसते म्हणून हवेच्या पिशव्या किंवा जादा स्प्रिंग बसवणारे बरेच आहेत. त्याने ट्रक सपाट दिसतो, पण ॲक्सल, बेअरिंग, चाके आणि ब्रेक तेच राहतात आणि मर्यादा एका पौंडानेही वाढत नाही.

टायरकडे तितकेच लक्ष हवे. हाफ-टन ट्रक बहुधा प्रवासी वर्गाच्या टायरवर येतात. त्यांच्या बाजू मऊ असतात आणि ट्रकवर वापरताना त्यांची छापील क्षमता १.१० ने भागून धरावी लागते. ट्रेलरच्या टायरना वेगमर्यादा असते, पुष्कळ जुन्या टायरना ताशी ६५ मैलांची. रबराला वरून भेगा नसल्या, तरी वयाने ते कमकुवत होतेच.

हाफ-टन ट्रकांची आणखी एक अडचण म्हणजे आखूड हौदा. साडेपाच फुटी हौद्यात जोडणीपासून केबिनच्या मागच्या काचेपर्यंत जेमतेम ४० इंच अंतर मिळते. ट्रेलर आठ फूट रुंद, म्हणजे अर्धी रुंदी ४८ इंच. काटकोनात वळताना त्याचा कोपरा काच फोडून आत येऊ शकतो. रस्त्यावर असे वळण क्वचित येते. कॅम्पग्राउंडमध्ये मागे घेताना मात्र हमखास येते. वळताना मागे सरकणारी जोडणी, ट्रेलरचा वळणबिंदू मागे नेणारा पिनबॉक्स (किंगपिन धरणारा ट्रेलरचा भाग) किंवा कोपरे कापलेले नाक हे यावरचे उपाय आहेत. काही उत्पादक आखूड हौद्यासाठी ही जोडणीच वापरू नका, असे पुस्तिकेत सांगतात. ती पुस्तिका ट्रेलर घेण्यापूर्वी वाचावी. हौद्याच्या कडा आणि ट्रेलरचे पोट यांत निदान साडेपाच-सहा इंच मोकळी जागा हवी, नाहीतर खड्ड्यात किंवा पेट्रोल पंपाच्या चढावावर पत्रा चेपतो.

जोडताना होणारी सर्वांत वाईट चूक म्हणजे किंगपिन जोडणीच्या जबड्यात न जाता जबड्यावरच टेकणे. सगळे जुळल्यासारखे वाटते आणि पहिल्याच वळणावर किंवा ब्रेकला ट्रेलर हौद्याच्या कडांवर कोसळतो. त्यामुळे जबडा बंद झालेला डोळ्यांनी, लागल्यास विजेरी घेऊन पाहावा. खिट्टी लावावी, सात पिनांची वायर जोडावी आणि ट्रेलर सुटल्यास त्याचे ब्रेक आपोआप लावणारी दोरी ट्रकच्याच सांगाड्याला अडकवावी, जोडणीला नव्हे. त्यानंतर ट्रेलरच्या चाकांखाली अडवणीला लावलेली उटी तशीच ठेवून, ट्रेलरचे टेकूचे पाय जमिनीपासून जेमतेम उचलून, ट्रेलरचे ब्रेक हाताने दाबून ट्रक हळूच पुढे ओढून पाहावा. पिन अडकली नसेल, तर ट्रेलर आपल्या पायांवर इंचभर खाली येतो आणि हौदा वाचतो. सोडताना मागची फळी आधी खाली घ्यावी.

ट्रेलरला स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक असतात आणि त्यांचा जोर ट्रकमधल्या नियंत्रकावर ठरतो. मोकळ्या मैदानात ताशी २५ मैलांच्या आसपास तो तपासावा. ट्रेलरची चाके जाम होत असतील, तर जोर थोडा कमी करावा. डेन्व्हरच्या पश्चिमेला आय-७० महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा सुमारे ११,१५८ फुटांवर आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना लांब, खडे घाट आहेत. एवढ्या उंचीवर विरळ हवेमुळे बिगर-टर्बो इंजिनाची ताकद तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास घटते. तरी चढावर फारतर वेळ जातो. खरी परीक्षा उतारावर होते. माथ्यावरच वेग कमी करून ट्रकचा टो-हॉल (ओझे ओढण्यासाठीचा) मोड लावावा, गिअर खाली घ्यावा आणि इंजिनाला गाडी धरू द्यावी. ब्रेक अधूनमधून ठामपणे दाबून सोडावा. सतत पाय ठेवला, तर लायनर तापून ब्रेक हाती लागत नाही.

नियम राज्यागणिक बदलतात. अनेक राज्यांत ३,००० पौंडांपुढच्या ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक सक्तीचे आहेत. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या वाहनाला ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे, आणि १०,००० पौंडांपुढच्या फिफ्थ-व्हीलसाठी परवान्यावर वेगळी नोंद करून घ्यावी लागते. ब्रिटिश कोलंबियात अशी नोंद ४,६०० किलोंच्या वर लागते. हाफ-टन ट्रकच्या मर्यादेत राहिलेला ट्रेलर परवान्याच्या या दोन्ही अटींच्या बहुधा बाहेरच राहतो.