‘मध्यवर्ती’ नेमकी कोणती? सांगलीतील डिजिटल रुपयाच्या चर्चेमागचा इतिहास

सांगलीत कोणी ‘मध्यवर्ती बँकेचे डिजिटल चलन’ असा शब्दप्रयोग केला, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर प्रथम जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक येते. त्यात त्याची चूक नाही. सोसायटीचे पीककर्ज, उसाचे बिल, दुधाचे बिल हे ज्या बँकेच्या पासबुकावर वर्षानुवर्षे उमटले, तीच त्याच्या लेखी मध्यवर्ती. नोटेवर जिच्या गव्हर्नरची सही असते ती देशाची मध्यवर्ती बँक, म्हणजे रिझर्व्ह बँक, त्याने कधी पाहिलेली नसते आणि तिच्या दारात जाण्याचा प्रसंगही त्याच्यावर येत नाही. हे नामसाधर्म्य गमतीवारी नेऊन सोडून देता आले असते. परंतु २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये या दोन ‘मध्यवर्तीं’मध्ये जे घडले, त्यामुळे या जिल्ह्यात डिजिटल रुपयाची, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या इलेक्ट्रॉनिक नोटेची, चर्चा तंत्रज्ञानापाशी सुरू होत नाही, तर नोटाबंदीच्या त्या एका आठवड्यापाशी सुरू होते.

त्याआधी शब्दांचा आणखी एक गुंता सोडवणे भाग आहे. ‘चलन’ म्हणजे व्यवहारातला पैसा, हा अर्थ पुस्तकातला. बँकेच्या काउंटरवर चलन म्हणजे पैसे भरण्याचा कागद, आणि ‘ई-चलन’ म्हणजे सिग्नल मोडल्यावर मोबाइलवर येऊन पडणारा दंड. त्यामुळे इलेक्ट्रॉनिक पैशासाठी सर्वांत सोपा ठरला असता तो शब्द वाहतूक पोलिसांनी आधीच नेला होता. उरला ‘आभासी चलन’. देशाच्या मध्यवर्ती बँकेने २४ डिसेंबर २०१३ रोजी बिटकॉइन व तत्सम प्रकारांबाबत पहिला जाहीर इशारा दिला, त्यातील ‘व्हर्च्युअल’ या इंग्रजी विशेषणाचे हे भाषांतर वृत्तपत्रांनी रूढ केले. मूळ विशेषणाला संगणकाच्या परिभाषेत ‘प्रत्यक्ष वस्तुरूप नसलेला’ एवढाच अर्थ आहे. मराठीत मात्र आभास म्हणजे जे नाही ते असल्याचा भ्रम. पाणी दिसावे आणि हाती वाळू यावी, तसे. अर्थात, शब्दानेच निकाल देऊन टाकला. तो निकाल बिटकॉइनच्या बाबतीत फारसा अन्याय्य नव्हता असे म्हणता येईल, परंतु २०२२ मध्ये जेव्हा सरकारमान्य डिजिटल रुपया आला, तेव्हा बातम्यांनी त्यालाही हेच विशेषण चिकटवले आणि कायदेशीर नोटेला पहिल्याच दिवशी भ्रमाचा शिक्का बसला. बिटकॉइनसारख्यांसाठी कूटचलन, सरकारमान्य रुपयासाठी अंकीय रुपया, ई-रुपया असे बरे पर्याय लिहिले गेले. बोलण्यात त्यांपैकी एकही आला नाही.

पैशाच्या खरेपणाबद्दलची शंका या भागाला नवी नाही. नाना टाकसाळींची नाणी एकाच बाजारात फिरत असताना पोतदार नाणे पारखून देत असे आणि एका रुपयाचा दुसरा करून घेताना बट्टा कापला जात असे. पोतदार आता आडनाव म्हणून उरले आहे आणि बट्टा लागतो तो नावाला.

हळदीच्या व्यापाराने सांगलीला आणखी एका गोष्टीची सवय लावली. हरिपुरात जमिनीखाली खणलेल्या पेवांत हळद साठवून तोंड बंद केले जाई, आणि पेव उघडण्याआधीच आतल्या मालाचे सौदे होत. हळदीच्या वायद्यांसाठी सांगलीचे नाव देशभर ओळखले जाई. डोळ्यांना न दिसणाऱ्या मालावर कागदाच्या आधारे मालकी सांगणे येथील व्यापाऱ्याला अजिबात अपरिचित नव्हते. फरक इतकाच, की पेव उघडले तर आत हळद असे. २००५ च्या महापुराचे पाणी पेवांत शिरले आणि हळद वाया गेली, तेव्हा कागदामागचा माल नष्ट होऊ शकतो हेही कळले.

खानापूर, आटपाडी आणि शेजारच्या माण-खटावातून देशभर गेलेल्या गलाई व्यावसायिकांचा या चर्चेतील वाटा क्वचितच नोंदवला जातो. दुष्काळी माळावरून निघालेली ही मंडळी दूरदूरच्या सराफ पेठांत मोडीचे सोने-चांदी वितळवून शुद्ध करून देतात. भट्टीत मूस ठेवायची, सोने रसासारखे फिरू लागले की ओतायचे आणि टंच, म्हणजे शुद्धतेचे प्रमाण, काढून मगच दर बोलायचा, हा त्यांचा रोजचा क्रम. ज्याचा टंच काढता येत नाही तो पैसा कसला, हा त्यांचा प्रश्न अडाणीपणाचा नाही. धातूच्या आधाराशिवाय पैशाला किंमत कशाने येते, या अर्थशास्त्रातील जुन्याच वादाची ती बाजारातली मांडणी आहे. गंमत अशी, की बिटकॉइनचे समर्थकही सोन्याचाच दाखला देतात: संख्या २ कोटी १० लाखांवर बांधलेली, कोणाही सरकारला वाढवता न येणारी. दोन्ही बाजूंनी सोन्याची उपमा वापरायची आणि निष्कर्ष मात्र उलटे काढायचे, असे हे प्रकरण आहे.

आता नोव्हेंबर २०१६. पाडवा होऊन आठच दिवस झाले होते. ८ तारखेच्या रात्री ५०० आणि १,००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या. १० तारखेपासून इतर बँकांप्रमाणे जिल्हा मध्यवर्ती बँकांनीही जुन्या नोटा स्वीकारल्या. आणि १४ नोव्हेंबरच्या परिपत्रकाने त्यांना त्या स्वीकारण्यास व बदलून देण्यास मनाई करण्यात आली. इतर बँकांना ती मुभा पुढेही राहिली. ग्राहकाची ओळख पटवण्याची कागदपत्रे पुरेशी नाहीत आणि बनावट नोटा ओळखण्याची यंत्रणा अपुरी आहे, अशी कारणे पुढे मांडण्यात आली. काही ठिकाणी सहकारी बँकांचा कारभार शंकेला जागा देणारा होता हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु संशय संचालक मंडळावर होता आणि शिक्षा खातेदाराला झाली, ही भावना गावोगावी जी पक्की बसली ती आजतागायत हललेली नाही, आणि प्रस्तुत लेखकाला ती निराधारही वाटत नाही.

त्या आठवड्यात तासगाव-कवठेमहांकाळ पट्ट्यात द्राक्षबागा ऑक्टोबर छाटणीनंतरच्या सर्वांत नाजूक अवस्थेत होत्या. फवारणीची औषधे उधारीवर मिळत, मजुरी मात्र आठवडी बाजारादिवशी रोख द्यावी लागे. गावात शाखा एकच, ती जिल्हा बँकेची. दुसऱ्या बँकेसाठी तालुक्याला जायचे. पिशवीत जुन्या नोटा घेऊन आलेल्या माणसाला रोखपाल ओळखत होता, त्याच्या वडिलांनाही ओळखत होता, आणि तरीही काचेवर चिकटवलेल्या कागदाकडे बोट दाखवण्यापलीकडे त्याला काही करता येत नव्हते. राज्यभरातील जिल्हा बँकांकडे मिळून दोन हजार कोटींहून अधिक रुपयांच्या जुन्या नोटा पडून राहिल्या. १० ते १४ नोव्हेंबर या काळात स्वीकारलेल्या नोटा जमा करून घेण्याची परवानगी मिळाली ती २०१७ च्या जूनमध्ये, म्हणजे रब्बी संपून पुढची पेरणी तोंडावर आल्यावर. काही बँकांच्या तिजोरीत आधीपासूनच असलेल्या नोटांचा प्रश्न तेवढ्यानेही सुटला नाही आणि तो न्यायालयात गेला.

या अनुभवाशेजारी पुढचा घटनाक्रम ठेवला म्हणजे त्याचा येथे काय अर्थ लावला गेला ते समजते. ६ एप्रिल २०१८ रोजी देशाच्या मध्यवर्ती बँकेने आपल्या अखत्यारीतील सर्व बँकांना कूटचलनाचा व्यवहार करणाऱ्यांना सेवा देण्यास मनाई केली आणि असलेले संबंध तोडण्यासाठी तीन महिने दिले. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले: असा आदेश काढण्याचा अधिकार बँकेला आहे, परंतु बँकांचे प्रत्यक्ष नुकसान झाल्याचे दाखवता आलेले नसताना एवढा कठोर उपाय प्रमाणाबाहेरचा ठरतो, असा त्याचा आशय होता. नोटाबंदीचा निर्णय मात्र त्याच न्यायालयाने २ जानेवारी २०२३ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने वैध ठरवला. कायद्याच्या अभ्यासकाला या दोन निकालांत विसंगती दिसणार नाही. विषय वेगळे, कायद्याची कलमे वेगळी. पण बिटकॉइन विकणाऱ्यांना तीन महिन्यांची मुदत आणि न्यायालयाचा दिलासा, तर जिल्हा बँकेच्या खातेदाराला चार दिवस, ही तुलना करायला कायदा शिकावा लागत नाही.

२०२२ मध्ये दोन गोष्टी एकदम झाल्या आणि गोंधळ वाढला. १ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात कूटचलनाच्या नफ्यावर ३० टक्के कर जाहीर झाला. प्रत्येक व्यवहाराच्या वेळीच १ टक्का कर कापून घेणे १ जुलैपासून सुरू झाले. त्याच भाषणात डिजिटल रुपयाचीही घोषणा होती. कर लागला म्हणजे मान्यता मिळाली, असा सोयीचा अर्थ काढून ‘दरमहा ठरावीक परतावा’ देणाऱ्या योजनांच्या एजंटांनी तो गावोगावी सांगितला, हा या गोंधळाचा सर्वांत महाग परिणाम. वस्तुतः कायद्याने ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ अशी स्वतंत्र व्याख्या करून तिला चलनाच्या बाहेर ठेवले, आणि ‘बँक नोट’ या व्याख्येत डिजिटल रूपाची भर घालून ई-रुपयाला नोटेच्या पंक्तीला बसवले. १ नोव्हेंबरला घाऊक, म्हणजे बँकांच्या आपसातील, आणि १ डिसेंबरला किरकोळ व्यवहारांसाठी चाचणी सुरू झाली. किरकोळ चाचणीची पहिली चार शहरे मुंबई, नवी दिल्ली, बेंगळुरू आणि भुवनेश्वर होती.

ई-रुपया हाताळताना पडद्यावर पाचशेची, शंभराची, दहाची अशा नोटा दिसतात. त्यावर व्याज मिळत नाही, जसे खिशातल्या नोटेवर मिळत नाही. भाजीवाल्याकडे कोड स्कॅन करून आपण पाठवतो तो पैसा वेगळा. तो बँकेतल्या ठेवीतून जातो, आणि ठेव म्हणजे त्या बँकेने आपल्याला देणे असलेली रक्कम. बँक अडचणीत आली तर ठेव अडकते. ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे, पूर्वी तो एक लाखच होता. ई-रुपयाचे देणे मात्र थेट देशाच्या मध्यवर्ती बँकेचे. हे नीट सांगितले तर पहिली प्रतिक्रिया स्वागताची येते, कारण सहकारी बँकांच्या निर्बंधांत ठेवी अडकलेली कुटुंबे या भागात आहेत. दुसरी प्रतिक्रिया अशी येते, की ज्या कार्यालयातून १४ नोव्हेंबरचा कागद निघाला, त्याच्याशी आता मध्ये कोणीही नसताना थेट संबंध येणार का?

हवामानाचा मुद्दा या वादात बाहेरून आला. बिटकॉइनचे ‘मायनिंग’ म्हणजे खाणकाम नव्हे. नवे बिटकॉइन मिळवण्यासाठी कोडे सोडवण्याच्या शर्यतीत जगभरातील यंत्रे अहोरात्र वीज जाळतात, आणि हा वापर वर्षाला शंभर अब्ज युनिटांहून अधिक असल्याचे अंदाज आहेत. शेतीपंपाला एक आठवडा दिवसा आठ तास आणि पुढचा रात्री दहा तास वीज घेणाऱ्या, आणि डोक्यावर पवनचक्क्या फिरत असताना रात्री पिकाला बारे, म्हणजे पाणी, द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याला हा आक्षेप लगेच पटतो. परंतु सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या दुसऱ्या एका कूटचलनाच्या जाळ्याने पद्धत बदलून आपला वीजवापर ९९ टक्क्यांहून अधिक कमी केला, आणि डिजिटल रुपयाला तर अशी शर्यत लागतच नाही. सर्वांना एकच ‘आभासी’ म्हटल्यामुळे एकाचे पाप दुसऱ्याच्या माथी मारले जाते.

हवामानाचा खरा संबंध वेगळ्याच ठिकाणी येतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या पुढे गेली, शहराचे मोठे भाग दिवसचे दिवस पाण्यात राहिले, वीज आणि मोबाइलचे जाळे कोलमडले. त्या दिवसांत कोड चिकटवलेले दुकान आणि बंद दुकान यांत फरक नव्हता. चालली ती ओली, वाळवलेली नोट. २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. म्हणून ८ फेब्रुवारी २०२४ रोजी जेव्हा ई-रुपया नेटवर्कशिवाय चालवण्याची तरतूद करण्याचे जाहीर झाले, तेव्हा नदीकाठच्या गावांच्या दृष्टीने तीच बातमी महत्त्वाची होती. त्याच घोषणेत दुसरा भाग होता: पैसा कशासाठी आणि किती मुदतीत खर्चावा, हे त्या पैशातच बांधून देण्याची सोय. पीककर्जाचा पैसा खतापुरताच चालेल, अमुक तारखेनंतर चालणार नाही, असे त्यामुळे करता येईल. कर्ज देणाऱ्याला ही शिस्त वाटते. ज्याच्या हातातली पाचशेची नोट एकदा तारीख उलटली म्हणून परत आली, त्याला ती शिस्त वाटण्याची शक्यता कमी आहे.