मुरूम लागला की पाषाण? माळाच्या मातीची ओळख

कोल्हापूर जिल्ह्यातल्या गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. शिरोळात तो जेमतेम पाचशेच्या आसपास येऊन थांबतो. या दोन गावांत सरळ रेषेत शंभर किलोमीटरचंसुद्धा अंतर नाही, आणि जिल्ह्याच्या बहुतेक भागात खालचा खडकही एकच: सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बसाल्ट. तरी पश्चिमेला पन्हाळा, राधानगरीकडे तो जांभा होऊन बसलाय आणि पूर्वेला त्याचीच काळी, चिकट माती झालीय. पश्चिमेच्या मुसळधार पावसाने खडकातला चुना, मॅग्नेशियम, सिलिका असं बरंच काही धुऊन नेलं आणि मागे लोह व ॲल्युमिनियम राहिलं. राधानगरी, शाहूवाडीच्या पठारांवर बॉक्साइट सापडतं ते त्यामुळेच. पूर्वेला हे सगळं धुऊन न्यायला पाणीच पुरेसं नव्हतं.

जांभ्यावर आणि काळ्या रानावर पुष्कळ लिहिलं गेलंय. उसामुळे नदीकाठच्या मळीच्या, म्हणजे गाळाच्या जमिनीचंही कौतुक होतं. हातकणंगले, शिरोळकडच्या माळाकडे मात्र कुणी फारसं बघत नाही. ‘हलकी जमीन’ म्हटलं की विषय संपतो. मला हा शब्द अपुरा वाटतो, कारण त्या एका शब्दाखाली निदान तीन वेगळ्या माती लपलेल्या असतात आणि त्यांचं पाण्याशी वागणं एकमेकींपासून फार वेगळं असतं.

कुंभोजजवळच्या बाहुबलीच्या डोंगरावरून वारणेच्या दिशेने उतरत गेलं, तर अशा उतारांवर मातीचा एक क्रम भेटतो. माथ्यावर वीतभर तांबूस, खडेगोटे मिसळलेली माती. मधल्या उतारावर तपकिरी, हात-दीड हात खोल. पायथ्याशी गडद, भेगाळणारी. खडक तोच, पाऊसही जवळपास तोच, बदलतो तो उतार. माथ्यावर पडलेलं पाणी थांबत नाही. ते बारीक कण आणि विरघळलेले क्षार घेऊन खाली जातं. वर हवा खेळती राहते, लोह गंजतं आणि मातीला तांबूस रंग येतो. खाली पाणी रेंगाळतं, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साठतं, आणि तिथे स्मेक्टाइट नावाची चिकणमाती तयार होते. ही चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात काळ्या रानाला पडणाऱ्या भेगा हे तिचंच काम. उताराबरोबर बदलत जाणाऱ्या अशा मालिकेला मृदाशास्त्रात ‘कॅटिना’ म्हणतात. जेफ्री मिल्न यांनी १९३०च्या दशकात पूर्व आफ्रिकेतल्या टेकड्यांवर काम करताना ही कल्पना मांडली. आपल्या माळांना ती अगदी चपखल बसते.

रंगाबद्दल एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. काळी माती म्हणजे सेंद्रिय द्रव्याने भरलेली माती, असं सर्रास समजलं जातं. प्रत्यक्षात दख्खनच्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याच्याही आत असतो. थोडंच सेंद्रिय द्रव्य त्या चिकणमातीला घट्ट चिकटून बसतं आणि माती गडद दिसते. म्हणून नुसता रंग बघून जमिनीचा कस ठरवू नये. माळाच्या बाबतीत तर नाहीच नाही.

माळ समजून घ्यायचा तर खणावं लागतं. नवा खड्डा नसेल तर रस्त्यासाठी कापलेली दरड किंवा अर्धी खणलेली विहीरही चालते. फावड्याने कड तासून घ्यायची आणि वरून खाली नीट बघायचं. वरचे चार बोटं माती भुसभुशीत, कुसळी गवताच्या मुळ्यांनी विणलेली. त्याखाली खडे वाढत जातात. ओली चिमूट घेऊन दोन बोटांत वळली तर दोरी होता होता तुटते. चिकण कमी, रेव आणि पोयटा जास्त. पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला आणि फसफसलं, तर चुनखडी आहे. माथ्यावरच्या मातीत बहुधा फसफसत नाही, पायथ्याच्या मातीत फसफसतं. अजून खाली गेलं की पिवळट-तपकिरी मुरूम, म्हणजे कुजत चाललेला खडक. त्यात गोल गोल धोंडे दिसतात आणि त्यांच्या कडेने कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले असतात. खडक भेगांतून आत शिरलेल्या पाण्याने बाहेरून आत असा कुजत जातो, म्हणून मधला गाभा टणक राहतो आणि भोवतीचं कवच हाताने चुरगळता येतं. एखादं बारीक मूळ त्या पापुद्र्यांमधून वाट काढत चाललेलं असतं. तेवढं एक मूळ नीट बघितलं तरी माळाची निम्मी कहाणी कळते.

विहीर खणणारे विचारतात, ‘मुरूम लागला की पाषाण?’ मातीचं वर्गीकरणही याच प्रश्नापाशी येऊन अडतं. भारतात मृदा सर्वेक्षणासाठी अमेरिकेत १९७५ साली प्रसिद्ध झालेली ‘सॉइल टॅक्सॉनॉमी’ ही पद्धत वापरतात. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोचे नकाशेही तिच्यावर बेतलेले आहेत. जगातल्या सगळ्या माती या पद्धतीत बारा गणांत बसवल्या आहेत. माळाच्या माथ्यावरची माती ‘एंटिसॉल’ गणात जाते, म्हणजे अजून नीट थर न पडलेली. वर्षात एकूण नव्वद किंवा जास्त दिवस ती कोरडी राहते, पण पिकाच्या हंगामात ओल मिळते, म्हणून तिचा ओलावा ‘उस्टिक’. दोन्ही मिळून ‘उस्टॉर्थेंट’. आता पन्नास सेंटिमीटरच्या आत पाषाण, म्हणजे अखंड टणक खडक लागला, तर नावाआधी ‘लिथिक’ लागतं. मुरूम लागला, म्हणजे कुदळीने खणता येईल असा कुजका खडक, तर ती ‘लिथिक’ होत नाही. तिची नोंद उथळ जमीन म्हणून होते. शिवाय खडे-गोट्यांचं प्रमाण आकारमानाने पस्तीस टक्क्यांच्या वर गेलं, तर वर्णनात ‘स्केलेटल’ हा शब्द येतो.

मधल्या उतारावर खडकाचं मूळ रूप मोडून निदान पंधरा सेंटिमीटर जाडीचा, रंग आणि घडण बदललेला थर तयार झालेला असतो. तो दिसला की माती ‘इन्सेप्टिसॉल’ गणात जाते. पायथ्याला भेगा खोलवर गेल्या, चिकण तीस टक्क्यांहून जास्त असली आणि आतल्या ढेकळांच्या बाजू एकमेकांवर घासून चकाकू लागल्या, तर ती ‘व्हर्टिसॉल’.

ही नावं फक्त कागदावरची नाहीत, ती पाण्याचा हिशेब सांगतात. माथ्यावर पंचवीस सेंटिमीटर माती आहे असं धरू. अशा मातीत मीटरभर खोलीला साधारण १२० मिलिमीटर पाणी पिकाला उपयोगी पडेल असं साठतं, म्हणजे पंचवीस सेंटिमीटरला ३०. त्यातली पस्तीस-चाळीस टक्के जागा दगडांची. उरलं अठरा ते साडेएकोणीस मिलिमीटर. दिवसाला पाच मिलिमीटर बाष्पीभवन झालं तर चार दिवसांत खेळ खलास. म्हणून श्रावणात आठवडाभर उघडीप पडली की माळावरचा भुईमूग माना टाकतो आणि खालच्या रानातलं पीक तसंच तरारलेलं दिसतं. पण खाली पाषाणाऐवजी मुरूम असेल तर मुळ्या त्याच्या भेगांत उतरतात आणि आणखी काही दिवस निभावतात. जवळजवळच्या दोन माळांवर एकाच वेळी झाडं लावली, आणि एकीकडे ती जगली, दुसरीकडे तिसऱ्या उन्हाळ्यात वाळली, तर रोपांना किंवा माणसांच्या निगराणीला दोष देण्याआधी खालचा खडक तपासावा.

या पातळ मातीवर आता दोन बाजूंनी घाव पडतायत. बांधकामाला आणि रस्त्यांना मुरूम लागतो, म्हणून वरची वीतभर माती बाजूला ढकलून जेसीबी थेट खाली हात घालतो. ती वीतभर माती तयार व्हायला हजारो वर्षं लागलेली असतात आणि मुरूम गेल्यावर पाणी मुरायला जागाच उरत नाही. दुसरा घाव उलट दिशेचा. उपसा सिंचनाने पाणी माळावर चढवून, गाळ टाकून, सपाटीकरण करून ऊस लावला जातो. त्या उथळ जमिनीत पाणी धरून ठेवायची ताकद नाही, म्हणून ते वारंवार द्यावं लागतं आणि जादाचं मुरमातून झिरपत उतारानेच खाली जातं. जाताना क्षार घेऊन जातं. खालच्या काळ्या रानाचा निचरा मुळातच मंद. तिथे पाण्याची पातळी वर येते, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. शिरोळ तालुक्यात क्षारपड झालेली रानं पांढरी दिसतात, काही ठिकाणी सोडियम वाढून ती चोपण, म्हणजे घट्ट आणि पाणी न मुरणारी होतात. क्षार काढायला चर आणि सच्छिद्र पाइप शिरोळच्या रानात घातले जातात, ते योग्यच आहे. पण त्या पाण्यातला काही वाटा वरच्या उथळ माळावरून आलेला असतो. म्हणून निचऱ्याचा आराखडा करताना पहिला खड्डा माळावर घ्यावा, आणि मुरूम किती खोल आहे, पाषाण कुठे लागतो हे आधी नोंदवावं.