डोक्याच्या दुखापतीत व्हेनोग्राफी: कोल्हापुरात जनआरोग्य योजनेतून कशी होते, कागद कोणते लागतात

कवटीच्या फ्रॅक्चरची रेघ मेंदूतल्या मोठ्या शिरेवरून (सायनसवरून) गेली असेल, तर साधा सीटी पुरत नाही. शीर फाटली आहे, गुठळीने बंद झाली आहे की बाहेरच्या रक्ताने नुसती दाबली गेली आहे, हे व्हेनोग्राफीत, म्हणजे शिरांची चित्रं काढणाऱ्या स्कॅनमध्ये, कळतं. आत दबलेलं हाड उचलण्याआधी सर्जनला हे माहीत असावं लागतं, कारण हाड निघताच रक्तस्राव आवरेनासा होऊ शकतो किंवा शिरेत हवा शिरू शकते.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत या तपासणीसाठी वेगळा अर्ज नाही. रुग्ण दाखल झाला की ती उपचाराच्या पॅकेजमध्ये येते. त्यामुळे बाहेरच्या सेंटरवर पैसे भरून स्कॅन केला आणि पावती नंतर योजनेत लावू, असं धरून चालू नका.

पिवळं, केशरी, अंत्योदय, अन्नपूर्णा आणि आता पांढरंही रेशन कार्ड चालतं. संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. निपाणीकडून येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, कर्नाटक सीमाभागातल्या ८६५ मराठी भाषक गावांनाही ही योजना लागू केली आहे, तुमचं गाव त्यात आहे का आणि कागद कोणते लागतात ते विचारून घ्या. आयुष्मान कार्ड राज्याबाहेरही चालतं. हॉस्पिटल योजनेच्या यादीत असणं पुरेसं नसतं, न्यूरोसर्जरीसाठी मान्यता आहे का ते १५५३८८ वर विचारून घ्या.

रेशन कार्ड, आधार किंवा दुसरा फोटो असलेला ओळखपुरावा, लहान मूल असेल तर जन्मदाखला, आधीचे रिपोर्ट आणि अपघात असेल तर एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या केसची) नोंद, एवढं घेऊन आरोग्यमित्राकडे (हॉस्पिटलमधल्या योजनेच्या मदतनीसाकडे) जा. सीपीआरमध्ये (कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयात) नोंद तिथल्या पोलीस चौकीत होते. रेशन कार्डावर ‘बाळू’ आणि आधारवर ‘बाळासाहेब’ असेल तर फाईल तिथेच अडते. रुग्ण गंभीर असेल तर कागदांसाठी थांबायचं नाही. हॉस्पिटल फोनवरून तातडीची मंजुरी घेतं आणि कागद ७२ तासांत द्यायचे असतात.

खरी गडबड तपासणीच्या फॉर्मवर होते. नुसतं ‘सीटी ब्रेन’ लिहिलं की शिरांचा टप्पा घेतलाच जात नाही, आणि रुग्णाला पुन्हा टेबलावर न्यावं लागतं. ‘सीटी व्हेनोग्राफी’, फ्रॅक्चर कुठे आहे आणि कोणत्या सायनसबद्दल शंका आहे, हे तिन्ही लिहायला निवासी डॉक्टरांना सांगा. क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट जोडा. कॉन्ट्रास्टची (स्कॅनसाठी शिरेत द्यायच्या औषधाची) पूर्वीची अॅलर्जी, मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) चालू असणं, गरोदरपण हेही फॉर्मवर हवं. कोपराच्या शिरेत १८ किंवा २० नंबरची सुई लागते. मनगटावरच्या बारीक सुईतून सेकंदाला ३-४ मिलिलीटर औषध ढकललं तर ते कातडीखाली पसरतं. औषध सुरू केल्यापासून साधारण ४०-४५ सेकंदांनी चित्र घेतात. घाई झाली तर धमन्या उजळतात, शिरा कोऱ्या राहतात आणि नसलेली गुठळी दिसते.

किडनी कमजोर असेल तर बिनाऔषधाची एमआर व्हेनोग्राफी (एमआरआय मशीनवरची) करतात. तिची खोड अशी की प्रवाह मंद असला की शीर तुटल्यासारखी दिसते. डावा ट्रान्सव्हर्स सायनस (डोक्याच्या मागच्या बाजूची आडवी शीर) अनेकांत जन्मतःच बारीक असतो, तेव्हा एवढ्यावरून रक्त पातळ करायचं औषध सुरू होऊ नये. शंका राहिली तर सीटीशी ताडून पाहावं. पेसमेकर किंवा अंगात धातू असेल तर आधीच सांगा.

रिपोर्टबरोबर पातळ कापांची सीडी मागून घ्या. फिल्मवर मोजकेच काप छापलेले असतात, सर्जनला सगळे लागतात.